खुणा कुणाच्या? एका बंदराचा, एका डब्याचा आणि आमच्या फसलेल्या प्रश्नावलीचा प्रकरण अभ्यास

बंदराचं नाव इथे लिहिणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे, हर्णै आणि जयगडच्या मध्ये कुठेतरी, एवढं पुरे. नाव न लिहिण्याची अट बंदरातल्या लोकांनी घातली, आणि ती त्यांनी का घातली हे पुढे येईलच.

२०२५ ची पावसाळी बंदी चालू होती. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, ताडपत्र्या टाकून झाकलेल्या, आणि शेडमध्ये माणसं जाळी तुणत बसलेली. मच्छीमार सोसायटीच्या सचिवांचा फोन आला, "ताई, त्या डब्याबद्दल मिटिंग ठेवलीय. लोक असले प्रश्न विचारतायत की मला उत्तरं देता येत नाहीत. तुम्ही या." मी खाडीपलीकडच्या गावची, तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. अर्ज लिहून देणं, ऑनलाइन फॉर्म भरून देणं यामुळे ओळख जुनी.

डबा म्हणजे ट्रान्सपॉन्डर. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून देशभरातल्या १ लाख मासेमारी बोटींवर तो बसवायचा आहे, त्यासाठी ३६४ कोटींची तरतूद आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच कार्यक्रमात याचीही सुरुवात झाली. यंत्र इस्रोने विकसित केलेलं, मालकाला फुकट मिळतं. मोबाइलची रेंज संपते तिथून पुढे ते उपग्रहामार्फत चालतं. तांडेलाचा, म्हणजे बोट घेऊन जाणाऱ्या प्रमुखाचा, फोन ब्लूटूथने त्याला जोडायचा, 'नभमित्र' नावाचं अ‍ॅप उघडायचं, की छोटे संदेश जातात आणि येतात. हवामानाचा इशारा मिळतो, सागरी सीमा जवळ आली तर सूचना मिळते, संकटात बटण दाबता येतं. आणि या सगळ्याबरोबर, न दाबता न विचारता, बोट कुठे आहे हे ते ठराविक वेळाने किनाऱ्याला कळवत राहतं.

मिटिंगमध्ये डब्याला विरोध करणारा एकही माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण शहरात हा विषय काढला की लोकांना लगेच 'पाळतीविरुद्धचा लढा' दिसायला लागतो. इथे सगळ्यांना डिसेंबर २०१७ आठवत होता. ओखी वादळात केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ माणसांसह भरकटत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या होत्या. तिकडे घरच्यांना ती माणसं जिवंत आहेत की नाहीत याचा पत्ता नव्हता. "त्या बायकांनी दिवस कसे काढले असतील," असं एक मावशी म्हणाल्या, तेव्हा शेडमध्ये कुणी बोललं नाही. १५५४ हा तटरक्षक दलाचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, पण रेंज नसली तर नंबराचं काय करणार?

मग प्रश्न काय होता? एका तरुण नाखव्याने तो सगळ्यात सरळ विचारला. "आमी कुठे जातो ते त्यांना दिसणार. ते आमाला दिसणार का? आनि त्यांच्याकडून आनखी कुनाकुनाला दिसणार?"

या प्रश्नामागे बराच इतिहास आहे. १९९३ साली याच कोकण किनाऱ्यावर, श्रीवर्धनजवळ शेखाडीला, मुंबईच्या स्फोटांतलं आरडीएक्स उतरलं. २००८ साली पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून दहशतवादी मुंबईला आले. दोन्ही वेळी नंतरचा जाच मच्छीमारांच्या वाट्याला आला. बोटींचे रंग ठरले, ओळखपत्रं आली, २० मीटरहून लांब बोटींना एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा सांगत राहणारं यंत्र, लावणं आलं, समुद्रात भर रात्री प्रखर दिवा तोंडावर मारून "कागद दाखव" आलं. मच्छीमार हे सागरी सुरक्षेचे डोळे आणि कान, असं प्रत्येक अधिकारी भाषणात म्हणतो. डोळे-कानांचीच झडती घ्यायची पद्धत मात्र इथलीच.

आम्ही ठरवलं की बंदरातल्या लोकांनीच याचा अभ्यास करायचा. मी फक्त लिहून घेणार. गट असा झाला: दोन तांडेल, दोन बोटमालक, तीन मच्छी विकणाऱ्या बायका, बारावी होऊन घरी बसलेला एक मुलगा आणि मी. काम कसं करायचं ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. वाटत मात्र होतं, की मला येतं.

म्हणून मी एक प्रश्नावली केली. मोबाइलवर भरायची. नाव, बोटीचा नंबर, जाळ्याचा प्रकार, डबा बसला का, कुणी बसवला, बसवताना काय सांगितलं. चौदावा प्रश्न होता: "आपण साधारण कुठे मासेमारी करता? नकाशावर खूण करा."

पहिल्या दिवशी चार फॉर्म आले. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी गटातले आबा, बंदरातले सगळ्यात जुने तांडेल, माझ्यासमोर येऊन बसले. चहा घेतला. म्हणाले, "बाय, डब्याने विचारलं नाय, नुसतं बघितलं. तू तर विचारतेस."

मला राग आला, आधी त्यांचा आणि मग स्वतःचा. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. आम्ही ज्या गोष्टीचा अभ्यास करायला बसलो होतो तीच गोष्ट मी माझ्या लॅपटॉपात गोळा करत होते, तीही कुठल्या देशातल्या सर्व्हरवर कोण जाणे. प्रश्नावली त्या दिवशी बंद केली. आलेले पाच फॉर्म त्या पाच जणांसमोर पुसले.

खुणा म्हणजे काय, हे त्यानंतर आबांनी मला सांगितलं. पूर्वी जीपीएस नव्हतं तेव्हा समुद्रातली जागा किनाऱ्यावरच्या गोष्टी एकमेकांवर जुळवून लक्षात ठेवत. एका बाजूला देवळाचा कळस अमुक माडाच्या शेंड्यावर आला पाहिजे, दुसऱ्या बाजूला दीपस्तंभ डोंगराच्या खांद्याआड गेला पाहिजे. दोन रेषा जिथे मिळतात तिथे खाली खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक आहे, म्हणजे मासा आहे, आणि जाळं फाटण्याचं भयही आहे. ही जोडी बापाने मुलाला सांगायची, तीही बहुधा उशिरा. माड पडला की खूण जायची, मग दुसरी शोधायची. आता जीपीएसवर त्याचा 'पॉइंट' झाला आहे. तांडेल एका मालकाची बोट सोडून दुसऱ्याकडे गेला तर जाताना पॉइंट पुसून जातो. मालक चडफडतो, पण कुणी त्याला चोर म्हणत नाही. पॉइंट तांडेलाचे, बोट मालकाची, हा न लिहिलेला कायदा.

डब्यात हा कायदा बसत नाही. बोट एखाद्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन थांबली की पॉइंट आपोआप तयार होतो, आणि तो तांडेलाला पुसता येत नाही.

फॉर्म गेल्यावर आम्ही जुना निवडणुकीचा फ्लेक्स उलटा करून सोसायटीच्या ओट्यावर पसरला. मागची बाजू पांढरी. त्यावर कोळशाने किनारा काढला, खाडीचं तोंड, दीपस्तंभ, वाळूचा दांडा. तांडेलांनी हौसेने फुल्या मारल्या, अकरा. मी खूश. आठवडाभराने गटातला तो बारावीवाला मुलगा हसत हसत म्हणाला, "ताई, त्यातले बहुतेक पॉइंट मेलेले आहेत. दहा वर्षांत तिथे कुणी जाळं टाकलं नाही." मी आबांकडे पाहिलं. आबा विडी शोधत होते.

संशोधनात यालाच नकार द्यायचा हक्क म्हणतात, आणि त्यावर शिबिरं भरतात. इथे लोकांना तो आधीपासून येत होता. कॅनडातल्या आदिवासी समूहांनी १९९८ च्या सुमारास आपल्याबद्दलच्या माहितीसाठी चार तत्त्वं मांडली: मालकी, नियंत्रण, ती पाहण्याची मुभा आणि ताबा. मी ती गटाला समजावून सांगितली. एक मालक म्हणाले, "म्हणजे पॉइंटसारखंच." हो, तसंच. माझा अर्ध्या तासाचा तास एका शब्दात संपला.

ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात गेल्या. ऑक्टोबरात जे घडलं त्यामुळे आमचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला. बंदरातल्या एका छोट्या ट्रॉलरच्या पंख्यात रात्री दोर गुंडाळला गेला. इंजिन बंद. तांडेलाने डब्यावरून संदेश पाठवला, जवळच्या बोटीला वायरलेसवर हाक मारली. ती बोट आली, दोर बांधला आणि हिला ओढत किनाऱ्याकडे आणू लागली. ओहोटी लागलेली, खाडीच्या तोंडातून आत शिरता येईना, म्हणून दोघी किनाऱ्याला समांतर, कमी पाण्यातून हळूहळू वर सरकल्या आणि पहाटे भरतीबरोबर आत आल्या.

काही दिवसांनी मालकाला एका कार्यालयातून बोलावणं आलं. ट्रॉलरला मनाई असलेल्या उथळ पट्ट्यात तुमची बोट रात्री कित्येक तास अडीच-तीन नॉटच्या (तासाला अडीच-तीन सागरी मैल) वेगाने फिरत होती, खुलासा करा. इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं. बोट बंदरातून कामाला निघते तेव्हा तिचा वेग यापेक्षा बराच जास्त असतो. जाळं टाकून ओढत चाललेला ट्रॉलर साधारण दोन ते चार नॉटने सरकतो. म्हणून नुसत्या वेगावरून आणि रेषेच्या वळणावरून बोट काय करत होती याचा अंदाज बांधता येतो. पण दुसऱ्या बोटीने ओढून आणलेली बोटही तेवढ्याच वेगाने सरकते. पडद्यावर दोन्ही रेषा सारख्याच.

मालकाने सांगितलं, बोट बंद पडली होती, संदेशही पाठवला होता. समोरच्या माणसाने शांतपणे ऐकलं. मालक म्हणाले, मग मला त्या रात्रीची पूर्ण नोंद द्या, संदेशासकट, मी दाखवतो. उत्तर आलं, "नोंद आमच्याकडे नसते, वर असते." वर म्हणजे कुठे, ते कळलं नाही. शेवटी मेकॅनिकचं बिल, कापून काढलेल्या दोराचा फोटो आणि ओढून आणणाऱ्या बोटीच्या तांडेलाची सही यावर भागलं. दंड झाला नाही, तोंडी समज मिळाली. समज कशाबद्दल, हे मालक अजून विचारतात.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. समोरचा माणूस दुष्ट नव्हता, यंत्र खोटं बोललं नव्हतं. रेषा खरी होती. फक्त ती एकाच बाजूला होती. ज्याच्या बोटीची रेषा त्याच्याकडे तिची प्रत नव्हती, आणि रेषेचा अर्थ लावताना त्याला कुणी शेजारी बसवलं नव्हतं. खासगीपणाच्या चर्चेत आपण बहुतेक वेळा 'माझं पाहू नका' म्हणतो. बंदराचं म्हणणं वेगळं निघालं: पाहा, पण आमच्या रेषेची प्रत आम्हाला द्या, आणि खुणा वगळून पाहा.

मग गटाने बसून वाटणी केली. कुठली माहिती कुणापर्यंत जायला हरकत नाही, याची. जीव धोक्यात असला तर सगळं सगळ्यांना, क्षणाचाही विलंब नको. नियमापुरतं बोट मनाईच्या पट्ट्यात आहे की बाहेर एवढंच कळावं, नेमकी जागा नको. आणि वर्षभराच्या रेषा एकावर एक ठेवून जो नकाशा तयार होईल तो कुणालाच नको, खात्याला नको, विद्यापीठाला नको, मलाही नको.

बायकांनी यात जे घातलं ते पुरुषांच्या ध्यानातही आलं नव्हतं. एक वहिनी म्हणाल्या, बोट कुठे आहे याच्याशी मला काही घेणं नाही, ती कधी येणार ते सांगा. बर्फ किती घ्यायचा, टेम्पोवाल्याला किती वाजता बोलवायचं, ते त्यावर ठरतं. दुसरीने लगेच अडवलं. "आनि तेच दलालाला आधी कळलं तर? दहा बोटी एकदम येतायत म्हटल्यावर तो बोली चढवणारच नाय." संध्याकाळी वाळूवर लिलाव होतो, टोपल्या मांडलेल्या असतात आणि भाव मिनिटामिनिटाला हलतो. कुणाच्या बोटीत काय आहे आणि मागून किती बोटी येतायत, या दोन गोष्टींवर तो खेळ चालतो. डब्यातून सुटलेली माहिती सगळ्यात आधी लिलावात शिरेल, ही भीती मी कुठल्या अहवालात वाचलेली नव्हती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन नियमावल्या एकदम आल्या. एक, अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातल्या, मासेमारीची. त्यात यांत्रिक आणि मोठ्या मोटार बोटींना १२ सागरी मैलांच्या पलीकडे जायला ऑनलाइन प्रवेश पास आणि ट्रान्सपॉन्डर लागतो. पारंपरिक आणि छोट्या मच्छीमारांना पासातून सूट आहे. दुसरी, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची. या कायद्याने आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे, पण बहुतेक तरतुदी लागू व्हायला नियम आल्यापासून १८ महिने आहेत. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही कायद्यातच ठेवली आहे. आणि ज्या एका गोष्टीला थांबायचं नव्हतं ती म्हणजे माहिती अधिकारातली दुरुस्ती. वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम तिने आणखी रुंद केलं, तेही लगेच.

हे मी गटाला वाचून दाखवलं तेव्हा आबांनी विचारलं, "यात खडप कुनाचा?" कायद्याला व्यक्ती कळते. अमुक माणसाची माहिती, त्याची संमती. खडप कुणा एकाचा नाही. आजोबांच्या पिढीपासून त्यावर या बंदराच्या बोटी जातात. त्यातल्या एका तांडेलाने अ‍ॅपवर 'मान्य' दाबलं की जागा सगळ्यांचीच उघडी पडते, आणि बाकीच्यांना कुणी विचारलेलंही नसतं. बंदराचं नाव न लिहिण्याची अट याच मिटिंगमध्ये ठरली. नाव कळलं की किनारा कळतो, आणि किनारा ओळखीचा असलेल्याला खुणा शोधायला फार वेळ लागत नाही.

गटात सगळं गोडीगुलाबीने चाललं असं नाही. ५ फेब्रुवारी २०१६ च्या राज्य सरकारच्या आदेशाने पर्ससीनला, म्हणजे माशांच्या थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्याला, सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला आहे. जानेवारीत बाहेरच्या पर्ससीन बोटी रात्री आत येतात ही इथली जुनी तक्रार. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची गस्तही सुरू झाली आहे. एक मालक म्हणाले, आपल्या रेषा द्यायच्या नाहीत हे ठीक, पण त्यांच्या रेषा मागायला काय हरकत आहे? डबा त्यांच्यावरही आहे. सगळ्यांना पटलं. मी गप्प. बारावीवाला मुलगा म्हणाला, "मग त्यांनी आपल्या मागितल्या तर?" बराच वेळ वाद झाला, आवाज चढले. ठरलं ते एवढंच: दुसऱ्याची रेषा मागायची नाही, पट्ट्याच्या आत की बाहेर, हो की नाही, एवढंच मागायचं. जे आपल्याबद्दल सांगायची तयारी तेवढंच. मालकांना हे आवडलेलं नाही, आणि जानेवारीच्या एखाद्या रात्री त्यांचं बरोबर आहे असं मलाही वाटतं.

सोसायटीने आता प्रत्येक बोटीला एक वही दिली आहे. शंभर पानी, रेघांची. निघाल्याची वेळ, आल्याची वेळ, वाटेत काय बिघडलं, कुणी अडवलं आणि काय विचारलं. जागेचा रकाना नाही. ट्रॉलरचं प्रकरण झालं तेव्हा ही वही असती तर बरं झालं असतं. बोटमालकाला स्वतःच्या बोटीची नोंद ३० दिवसांच्या आत मिळावी, या मागणीचा ठराव करून सोसायटीने वर पाठवला आहे. पोच मिळाली आहे.

एक विषय मात्र अर्धवट राहिला, आणि तो मीच उशिरा काढला. गटात मालक होते, तांडेल होते, बायका होत्या. खलाशी नव्हता. या बंदरातले पुष्कळ खलाशी बाहेरचे आहेत, काही कर्नाटकातले, काही नेपाळचे. हंगामभर बोटीवरच राहतात. त्यांची ओळखपत्रं मालक आल्या दिवशी घेऊन ठेवतात. समुद्रात तपासणी झाली तर कागद हाताशी हवेत, हे कारण खरं आहे. मधल्या हंगामात खलाशी पळून जाऊ नये, हेही खरं आहे, फक्त ते कुणी बोलत नाही.

मी मिटिंगमध्ये विचारलं, आपली नोंद आपल्या ताब्यात हवी असं आपण सरकारला लिहिलंय, मग यांचे कागद यांच्या ताब्यात का नकोत? मूळ कार्ड त्यांना परत द्या, बोटीवर झेरॉक्स ठेवा. एक मालक म्हणाले, झेरॉक्स चालत नाही. दुसरे म्हणाले, उचल घेऊन पळाला तर पैसे तुम्ही द्याल का? आबा या वेळी काही बोलले नाहीत. सचिवांनी विषय पुढच्या मिटिंगवर ढकलला. त्यानंतर दोन मिटिंगा झाल्या. वेळ संपतो, नाहीतर भरतीची वेळ होते.

गेल्या आठवड्यात वही तपासायला एका बोटीवर चढले. केबिनमध्ये डबा, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याच्या खाली खिळ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला रबर बांधलेलं. आत सात कार्डं. एक नेपाळी पोरगा डेकवर कांदा चिरत बसला होता. वहीत त्याचं नाव कुठे आहे का ते मी पाहिलं. तांडेलाने चार जण असं लिहिलं होतं, आणि खाली दुसऱ्या पेनाने, अधिक तीन.